भावाच्या पाठीवरचा धवला

आमच्या भावकीच्या ग्रुपवर शंभराच्या वर माणसं आहेत आणि त्यातलं एकही माणूस लिहीत नसे. सगळे बोलत. फोन तोंडाशी धरायचा, माइकचं बटन दाबायचं आणि सुटायचं. कोणाकडे बारसं आहे, कोणाच्या भाडेकरूनं नळ उघडा टाकला, गावदेवीच्या पालखीला यंदा कोण पुढं राहणार, सगळं बोलून. मी ग्रुप उघडला की मला दिसायच्या नुसत्या उभ्या बारीक रेघा. एकाखाली एक, रेघाच रेघा. मी जन्मापासून ठार बहिरी आहे. त्या रेघांचं मी काय करू, लोणचं घालू?

माझ्या नाकावर राग असतो असं घरचे म्हणतात. असेल. पण तो का असतो हे कोणी विचारत नाही, म्हणून आज सांगून टाकते.

मोबाइलवर मेसेज पाठवता यायला लागले तेव्हा मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत होते. त्याआधी एखाद्या मैत्रिणीला काही सांगायचं तर बस धरून तिच्या दारात जाऊन उभं राहायला लागायचं, आणि ती घरी नसली की आल्या पावली परत. मेसेज आले आणि आम्ही सगळ्या एकमेकींच्या घरात शिरलो. पुढे व्हिडिओ कॉल आला, मग तर हातांनी गप्पा मारून मारून मनगटं दुखायची. आता मी बेलापूरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बिल्डिंगचे नकाशे काढते. ऑफिसच्या ग्रुपवर सगळे लिहितात, कारण पहिल्याच आठवड्यात मी तसा दमच दिला होता. तिथं मी सगळ्यांच्या बरोबरीची आहे. वाद झाला तर माझ्या टायपिंगच्या वेगापुढं साहेबसुद्धा फार वेळ टिकत नाहीत.

मग त्या मेसेजच्या अ‍ॅपमध्ये माइक आला. ज्यांनी आणला त्यांचं भलं होवो. माझ्या बाबांसारखी माणसं, ज्यांना अक्षर जुळवायला घाम फुटतो, त्यांची केवढी सोय झाली. पण आमच्याकडे ज्यांना लिहिता येत होतं त्यांनीही लिहिणं सोडलं. ऑफिसात मला कोपऱ्यातल्या टेबलाचं भांडणसुद्धा कळायचं आणि घरात सख्ख्या आत्याचं ऑपरेशन झाल्याचं ती टाके काढून आल्यावर कळायचं. कुठल्याही बहिऱ्या माणसाला विचारा, कोणत्या दोन शब्दांचा तुला सगळ्यात जास्त राग येतो. तो सांगेल, 'नंतर सांगतो.' ते नंतर कधीच येत नाही. माझा भाऊ या दोन शब्दांत हुशार होता.

आमचं घर बोनकोड्यात. तीन मजले, खाली दोन मजल्यांवर भाडेकरू आणि वर आम्ही. शेजारच्या बिल्डिंगमध्ये काका-काकी. मधे बोळ एवढासा की काकी तिच्या खिडकीतून आमच्या खिडकीत कालवणाची वाटी देते. इतकी जवळ राहणारी ही काकी काय बोलते हे मला आयुष्यात कधी कळलं नव्हतं. मी ओठ वाचते, आणि चांगले वाचते. पण मी तीन वर्षांची असताना शाळेतल्या बाईंनी आईला बजावलं होतं की पोरीसमोर स्वच्छ बोला, हळू बोला, पुस्तकातल्यासारखं बोला. आई चौथी शिकलेली. तिनं ते इतकं मनावर घेतलं की माझ्याशी ती आजही 'आहे', 'नाही', 'मला' असंच बोलते, अगदी ओठ उघडून. आणि काकीकडे वळली की तिचं तोंड बदलतं. तिथं 'हाय', 'नाय', 'मना' सुरू होतं, चटचट, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आई, तुला दोन तोंडं आहेत, असं मी तिला चिडवते.

मागच्या लग्नसराईत भावाचं लग्न ठरलं. आता आमच्या आगरी लग्नात नवरदेवाची सख्खी बहीण करवली असते. भाऊ पाटावर बसतो आणि ती त्याच्या मागं करा-दिवा घेऊन उभी राहते. करा म्हणजे पाण्यानं भरलेलं लहान मडकं, त्याच्या तोंडावर पेटता दिवा. तो मान बहिणीचा. भाऊ माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. त्याला मी मांडीवर घेतलंय, त्याचं नाक पुसलंय, त्याच्यासाठी गल्लीतल्या पोरांना बदडलंय. त्याच्या लग्नात दिवा मी धरणार हे माझ्या डोक्यात एवढं पक्कं होतं की मुलगी बघायला जायच्या आधीच मी हिरवी साडी घेऊन ठेवली होती. माझं स्वतःचं लग्न हा वेगळा विषय आहे, तो आज नको.

लग्नाला महिनाभर राहिला होता. रविवारची दुपार, जेवणं उरकलेली. ग्रुपवर काकीची एक लांबलचक रेघ आली. सगळ्यांनी फोन कानाला लावले. आईचा चेहरा उतरला. भावानं आधी माझ्याकडे बघितलं आणि मग पंख्याकडे. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही गं ताई, नंतर सांगतो.

माझ्याकडे एक जुगाड आहे. जुन्या फोनवर रेकॉर्डिंग लावायचं आणि नवा फोन त्याच्या तोंडाशी धरायचा. नव्यात बोलणं ऐकून लिहून देणारं अ‍ॅप आहे. ऑफिसच्या मीटिंगला ते बरं चालतं. काकीपुढं त्यानं हात टेकले. आमची बोली त्याला कोणी शिकवलेलीच नाही, त्यामुळे जे उमटलं त्यात वाक्य म्हणावं असं एकही नव्हतं. पण 'करवली' दोनदा आलं, 'ऐकू' आलं आणि काकीच्या मुलीचं नाव आलं. मला तेवढं पुरलं.

भावाला मी गच्चीवर गाठलं आणि पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं केलं, म्हणजे तोंड माझ्याकडे राहील. तेव्हा कुठं त्यानं सांगितलं. काकीचं म्हणणं होतं की करवली म्हणून तिची मुलगी उभी राहू दे. हिला धवला ऐकू येणार नाही, ऐन वेळेला घोटाळा होईल.

धवला म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे लग्न लावायला भटजी असतात, पण लग्न चालवते ती धवलारीण. ती गाते ते धवले. आणि ते नुसतं गाणं नसतं, हुकूम असतो. हळद आणा असं ती म्हणत नाही. ती हळद आणणाऱ्या बायकांचा धवला धरते आणि बायका उठतात. करवलीनं दिवा कधी उचलायचा, भावावरून कधी ओवाळायचा, कधी खाली घ्यायचा, सगळं त्या गाण्यातून येतं. त्याचा क्रमही ठरलेला नसतो. मामा उशिरा आला तर ती मामावर चार ओळी जास्त जोडते, आत्या रुसून बसली तर आत्याला गाण्यात ओढून घेते. एकदा धरलेला धवला मात्र मधे तोडायचा नाही. म्हणजे काकीचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. पण ते तिनं मला सोडून शंभर माणसांना सांगितलं होतं, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली ती त्यानं.

मी तिथंच गच्चीवर उभी राहून ग्रुपवर लिहिलं: "मी या ग्रुपवर आहे. मला ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्याबद्दल जे ठरवायचं ते मला वाचता येईल असं ठरवा. करवली मी आहे."

आणि यावर उत्तरं काय आली असतील? रेघा. धडाधड रेघा.

संध्याकाळी काकी स्वतः वर आली. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून ती आईशी बोलत होती, माझ्याकडे हात करून, भराभर. मी मधे घुसले, तिच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, लिही. माझा आवाज बाहेरच्यांना कळत नाही, घरच्यांना कळतो. काकीनं फोन ओट्यावर ठेवला. मी परत हातात दिला. तिनं परत ठेवला. काकी नववी शिकलेली आहे, भाडेकरूंचे करार वाचून त्यातल्या चुका काढते, तिला लिहिता येत नाही असं नव्हतं. शेवटी ती आईकडे वळून काहीतरी म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मी आईकडे बघितलं. आई तिच्या त्या पुस्तकी तोंडानं, एकेक शब्द सोडवत मला म्हणाली, "ती म्हणते, तू शाळेत शिकलेली आहेस. आमची भाषा लिहिली की चुकीची दिसते. तू हसशील."

इतकी वर्षं मला वाटत होतं की हे लोक मला मोजतच नाहीत. आणि हे लोक मला लाजत होते. एवढं भांडकुदळ घर, पोलीस चौकीत टेबलावर हात आपटणारी माणसं, आणि ती माझ्यासमोर दोन ओळी लिहायला लाजत होती. मी काकीला म्हटलं, तुझी भाषा मी आजवर बघितलेलीच नाही, हसणार कशाला?

मग तिनं फोन घेतला, पदरानं काच पुसली, आणि एका बोटानं अक्षरं शोधत शोधत लिहिलं. आईची भाजी करपायला आली तरी कोणी हललं नाही. तिनं लिहिलं होतं:

"मना तुजा राग नाय. मना दिव्याची भीती हाय. दिवा चुकला त गाव तुजंच नाव घेल."

मला रडू आलं. ते रागानं आलं असं मी तेव्हा ठरवून टाकलं. पण काकीचं बोलणं मला पहिल्यांदा कळलं होतं, आणि उद्या गाव मला जी बोलणी लावेल ती तिला माझ्याआधी दिसली होती. मग आम्ही दोघींनी ठरवलं की हा निकाल धवलारणीकडेच लावायचा.

धवलारीण गावातच राहते, देवळामागं. आम्ही गेलो तेव्हा ती ओटीवर जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, निवडत बसली होती. काकी तिच्या शेजारी बसली आणि ती बोलेल ते माझ्या फोनवर लिहायला लागली, आता न लाजता. धवलारणीनं सगळं ऐकून घेतलं. मला जवळ बोलावलं, माझे दोन्ही हात पुढं करायला लावले आणि ते थरथरतात का ते बघितलं. मग परत जवळ्यात बोटं घातली आणि काहीतरी बोलली. काकीनं फोन माझ्यापुढं धरला.

"धवल्यान करवली म्हंजे बहीन. कानाचं काय बोललेलं नाय."

त्याच्या खाली काकीनं अजून एक ओळ लिहिली. म्हातारी धवलारीण सांगत होती की पण दिवा चुकता कामा नये, त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

घरी येता येता आई म्हणाली, सोपं आहे, तुझ्या खांद्याला हात लावून आम्ही सांगू. मी साफ नाही म्हटलं. बैलाला टोचतात तसं मला टोचायचं आणि मी हात वर करायचा? मला नुसता दिवा उचलायचा नव्हता. भावाच्या लग्नात काय गायलं जातंय आणि मी दिवा का उचलतेय हे मला त्याच घटकेला कळायला हवं होतं, मांडवातल्या प्रत्येकीला कळतं तसं. 'नंतर सांगतो' मला माझ्या भावाच्या लग्नातही नको होतं. तेव्हा काकीनं मान हलवली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. लिहीन मी, असं तिचं म्हणणं होतं. गाणं चालू असताना, ओळीमागून ओळ.

मग तिचा सराव सुरू झाला. रोज दुपारी भांडी आवरली की काकी येऊन बसायची, धवलारणीच्या गाण्याची रेकॉर्डिंग लावायची आणि टाइप करायची. पहिले काही दिवस तिचं खरं भांडण फोनशी झालं. ती 'मना' लिहायची, फोन त्याचं 'मनात' करून टाकायचा. 'हाय' त्याला पटायचंच नाही. काकी त्याला अशा शिव्या घालायची की आई तोंडाला पदर लावून हसायची, आणि त्या शिव्याही मी काकीला लिहून दाखवायला लावल्या. प्रत्येक शब्द दोन-तीनदा ठासून लिहिला की फोन ऐकायचा. महिना संपेपर्यंत फोन पक्का आगरी झाला.

आणि मी वाचत होते. काय सांगू तुम्हाला. तिशी उलटल्यावर मी माझ्या आईची भाषा शिकत होते. धवल्यात नवऱ्याला हळद लावायची तर ती हळद कुठल्या रानातून आली, कोणी दळली, पाणी कुठल्या विहिरीचं, सगळं विचारत विचारत गाणं पुढं सरकतं. मला ते वाचून प्रश्न पडायचे. ही विहीर कुठली? हे रान आता कुठं गेलं? काकीला उत्तरं येत नव्हती. ती उठून देवळामागं जायची आणि विचारून यायची, आणि धवलारीण म्हणे आधी वैतागायची आणि मग तासभर बोलायची.

काकी लिहिते हे एकदा ग्रुपवर दिसलं आणि तिथंही बांध फुटला. नावड्याला दिलेल्या आत्यानं लिहिलं, "हलदीला कंच्या रंगाची सारी नेसाची?" मी लगेच उत्तर दिलं. मग अजून कोणी लिहिलं, मग दोघी जणी एकमेकींना टोमणे मारायला लागल्या, मग त्यांचे नवरे त्यात पडले. आमच्या भावकीचं एक अख्खं भांडण मी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

काकीची मुलगी, जिला माझ्या जागी उभं करायचं चाललं होतं, तिला मुळात कोणी विचारलंच नव्हतं. तिला दिवा धरायचा नव्हता. तिला डीजेसमोर नाचायचं होतं.

सगळं जमत आलं आणि लग्नाला दोन दिवस असताना माझी ट्यूब पेटली. माझे दोन्ही हात कऱ्याला. फोन मी धरणार कशानं? कोणीतरी समोर धरावा तर मधे नवरदेव आणि येणाजाणाऱ्या बायका. खांबाला बांधावा तर मला मान वळवावी लागणार आणि दिव्यावरची नजर हलणार. आम्ही चौघं डोकं धरून बसलो होतो, आणि भाऊ, जो तोवर मोबाइलवर मान खाली घालून बसला होता, तो उठला, माझ्या समोर आला आणि ओठ नीट दिसतील असा उभा राहून म्हणाला, "ताई, माझ्या पाठीला लाव. मी हलणार नाही."

जन्मभर मी या पोराला ओरडत आले की माझ्याकडे पाठ करून बोलू नकोस. आणि आता हा पाठ द्यायला निघाला होता. नवरदेवाच्या शेरवानीवर मोबाइल, अख्खं गाव बघणार, फोटोत येणार, सासरचे काय म्हणतील, असं सगळं मी त्याला म्हणून बघितलं. त्यानं हात झटकला. आईनं माझ्या हिरव्या साडीच्या ब्लाउजपिसातून कापड काढून एक खिसा शिवला, काच उघडी राहील असा, आणि शेरवानीच्या पाठीला टाचला. त्या क्षणी भाऊ मला इतका आवडला की मी त्याला एक धपाटा घातला.

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरदेव घरून निघायच्या आधीचा विधी मांडवात होता. गल्ली भरलेली, गच्च्यांवर माणसं. भाऊ पाटावर बसला, मी मागं करा-दिवा घेऊन उभी राहिले, आणि त्याच्या पाठीवर, खांद्यांच्या बरोबर मधे, मोठ्या अक्षरांत काकीचा पहिला मेसेज उमटला. "धवला धरला." काकी धवलारणीला खेटून बसली होती आणि तिचं बोट चालू होतं. पाठीवर ओळ आली की ती मी वाचायची. गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, मामाला पुढं घेतलं, मामानं अक्षता टाकल्या. मला सगळं कळत होतं. हसायच्या जागी बायका हसल्या आणि त्यांच्याबरोबर मीही हसले, मागाहून नाही.

आणि मग पाठ थांबली.

शेवटची ओळ तशीच राहिली. त्याखाली काही येईना. मांडवातला जो तो फोन वर करून व्हिडिओ पाठवत होता, शंभरेक फोन एकाच गल्लीत, नेटवर्क मेलं. काकी फोन हलवत होती, डोक्यावर धरत होती. धवलारणीचे ओठ चालूच होते. बायकांच्या माना माझ्याकडे वळायला लागल्या आणि मला समजलं की आता जे गायलं जातंय ते माझं आहे, आणि ते काय आहे ते मला माहीत नाही. उचलायचा की ओवाळायचा की खाली घ्यायचा? कऱ्यातलं पाणी हललं आणि दिव्याची वात वाकडी झाली. झालं, मी मनात म्हटलं. काकी म्हणाली होती तेच. गाव माझंच नाव घेणार, आणि भावाच्या लग्नाचं नाव निघालं की माझं निघणार.

काकी उठली. फोन तिनं जागेवर टाकला, बायकांच्या मांड्या तुडवत पुढं आली आणि नवरदेवाच्या समोर, माझ्या नजरेत नजर घालून उभी राहिली. तिनं मला हात लावला नाही. खूणही केली नाही. ती बोलली, तिच्या तोंडानं, तिच्या भाषेत, तिच्या नेहमीच्या वेगानं. आणि मला ते वाचता आलं. महिनाभर मी ते शब्द काचेवर बघत होते, तेच आता तिच्या ओठांवर होते.

"उचल गो बाय दिवा, भाऊ वाट बघतंय."

मी तिच्या खांद्यावरून मागं बघितलं. धवलारीण डोळे मिटून, मान ताठ ठेवून, तीच ओळ म्हणत होती. तिच्या बाजूच्या बायका तीच म्हणत होत्या. नावड्याची आत्या, खालच्या मजल्यावरची भाडेकरीण, काकीची मुलगी, सगळ्यांच्या तोंडावर तेच शब्द. धवला तोडायचा नसतो, म्हणून धवलारणीनं ती ओळ धरून ठेवली होती, आणि पुढं जायला तयार नव्हती. अख्खा मांडव माझ्यासाठी एका ओळीवर थांबला होता. मी दिवा उचलला. सरळ, डोक्याच्या वर, जसा उचलायचा असतो तसा, आणि भावावरून ओवाळला. वात स्थिर होती. भाऊ बोलल्याप्रमाणे हलला नव्हता, पण त्याचे कान लाल झाले होते आणि तो रडत होता हे मला त्याच्या पाठीवरूनच कळलं.

पुढच्या ओळी मी काकीच्या ओठांवरूनच वाचल्या, आणि विधी संपता संपता नेटवर्क आलं. त्याच्या पाठीवर अडकलेले मेसेज धबाधब पडले, तीच ओळ परत परत, घाईत अर्धी-मुर्धी लिहिलेली. माणसं उठली, गाडीत बसायची घाई सुरू झाली. मी भावाच्या पाठीवरच्या खिशातून फोन काढला, आणि तेवढ्यात त्यावर काकीचा अजून एक मेसेज आला. ती समोरच धवलारणीचा हात धरून तिला उठवत होती आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं लिहीत होती.

"धवलारीन बोलली, माजा धवला आज ह्या पोरीनं आयकला. बाकीच्या निस्त्या बसलेल्या."

ऐकला. माझ्याबद्दल हा शब्द कोणी वापरलेला मी जन्मात वाचला नव्हता. मी तिथंच मांडवात उभी राहून तो मेसेज दहा वेळा तरी वाचला असेल. एवढा अभिमान मला माझा स्वतःचा कधी वाटला नव्हता, आणि तो मी मुळीच लपवला नाही. मग तो आईला दाखवला. आईनं बोट फिरवत सावकाश वाचला. माझ्याकडे बघितलं. फोन माझ्या हातातून घेतला आणि मांडवातल्या एकेका बाईला थांबवून दाखवत सुटली, गाडीपर्यंत, गाडीत, आणि हॉलवर नवरीकडच्यांनाही. माझा फोन मला परत मिळाला तेव्हा जेवणं उरकत आली होती.